पणजोबांच्या शोधाच्या नोंदी : खटाव ते कूट

१० जून २०२४

सुरुवात करते. हातात काय आहे ते आधी लिहून काढते. आजोबांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’, म्हणजे आताच्या इराकमध्ये, गेले आणि परत आले नाहीत. बास, एवढंच. जन्मसाल नाही, मृत्यूची तारीख नाही, फोटोचा तर प्रश्नच नाही. ते गेले तेव्हा आजोबा रांगत होते की शेरडं राखत होते, यावरही घरात दोन मतं.

गावाचं नाव आणि आडनाव या वहीत मुद्दाम लिहीत नाही. भाऊबंदकी अजून कोर्टात चालू आहे, माझी वही तिथे पुरावा म्हणून जायला नको.

नियम एकच: प्रत्येक माहितीपुढे ‘तोंडी’ की ‘कागद’ ते लिहायचं. दोन्हींत तफावत आली तर कागदाला आपोआप खरं धरायचं नाही. कागदही कुणीतरी कुणाला तरी विचारूनच लिहिलेला असतो.

१६ जून

काकांकडच्या देव्हाऱ्यात ‘लक्ष्मी’ म्हणून एक गोल पत्रा पूजेत आहे, हे लहानपणापासून पाहत आले. आज तो हातात घेऊन बघू द्यायला काकांना राजी केलं. लक्ष्मी नव्हे, महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल. पंख पसरलेली विजयदेवता समोरून उभी, तिला घरानं देवी मानलं यात नवल काही नाही. मागच्या बाजूला पानांच्या वेढ्यात इंग्रजी मजकूर आणि १९१४-१९१९ हे आकडे. वरची कडी तुटलेली, फीत केव्हाच गेलेली.

शंभर वर्षं सणावाराला चिंचेनं घासून देवीचा चेहरा पार गुळगुळीत झालाय. पण कामाचा मजकूर चेहऱ्यावर नसतोच, तो असतो काठावर. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, ठोकून उमटवलेलं. काठाच्या त्या बारीक अक्षरांत पिढ्यान् पिढ्यांचं कुंकू जाऊन घट्ट बसलंय आणि त्यामुळेच ती नीट वाचता येतात. पितांबरी लावायला निघालेल्या काकूंना वेळेवर थांबवलं. उन्हात तिरपं धरून, भिंगाखाली, एकेक अक्षर वहीत उतरवलं: चार आकडी नंबर, ‘सेपॉय’, पणजोबांचं नाव (इंग्रजीत भलत्याच स्पेलिंगनं) आणि ‘११७ मराठाज’.

या मेडलसोबत सहसा चांदीचं ब्रिटिश वॉर मेडलही मिळायचं. काका म्हणाले, ‘‘होतं की. बाहत्तरच्या दुष्काळात मोडलं.’’ तोंडी.

१७ जून

पलटणीचं नाव हा शोधणाऱ्यासाठी पहिला चकवा, म्हणून लिहून ठेवते. एकच पलटण वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या नावांनी सापडते. १९०३ आधी ती मुंबई लष्कराची १७ वी. किचनरनं सगळ्या हिंदी फौजेचे नंबर बदलले तेव्हा ११७ मराठाज. १९२२ च्या पुनर्रचनेत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ५ वी बटालियन. जुन्या कागदांत ‘मराठा’ शोधायचं तर इंग्रजीतलं जुनं, ‘ह’ घातलेलं स्पेलिंग टाकावं लागतं, नाहीतर यंत्र सरळ ‘काही नाही’ म्हणतं.

११७ ही सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये होती. ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाज, नोव्हेंबरात शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाव, मग बसरा. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई. नोव्हेंबरात बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला जबर मार खाऊन माघार आणि ७ डिसेंबरपासून कूट-अल-अमाराला वेढा. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं तुर्कांपुढे शरणागती पत्करली. १०३, ११० आणि ११७, अशा तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीच्या किती घरांत ‘बसऱ्याला गेले’ हे वाक्य असेल!

मात्र पलटण कूटमध्ये होती म्हणजे पणजोबाही तिथे होते असं होत नाही. आजारी पडून मागे राहिलेले आणि नव्या भरतीचे त्याच पलटणीचे लोक वेढ्याबाहेरही होते. हे वेगळं सिद्ध करावं लागेल.

२३ जून

आत्याकडे. वय चौऱ्याऐंशी, स्मरण लख्ख. पणजीला तिनं पाहिलंय, पणजीच्या हातचं खाल्लंय. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून शेजारी ठेवला, तर म्हणाली, ‘‘ते बंद कर आधी, मग सांगते.’’ बंद केला. घरी आल्याआल्या लिहून काढलं ते असं.

काकांची कथा: तोफेचा गोळा लागून जागच्या जागी गेले. आत्याची कथा निराळी. लढाई थांबल्यावर शेजारच्या गावचा त्यांच्याच पलटणीतला एक गडी परत आला, तो पणजीला भेटून गेला. त्यानं सांगितलं की अन्न संपलं तेव्हा साहेबांनी घोडी कापली, आपल्या माणसांना खा म्हणाले, पणजोबांनी तोंड फिरवलं. हिरड्या सुजल्या, दात हलायला लागले. ‘‘मग पाय गळाले गं त्यांचे,’’ आत्या म्हणाली, ‘‘पण मेले ते तिथं न्हाई.’’ मग कुठं? ‘‘तुर्कानं न्हेलं.’’

हे ऐकून मी पुढचे प्रश्न विसरले. कूटच्या वेढ्यात हिंदी शिपायांनी घोड्याचं मांस नाकारलं, रसद मिळेना म्हणून त्यांच्यात स्कर्व्ही, म्हणजे हिरड्या सुजण्याचा तो आजार, पसरला, शेवटी हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून तारेनं परवानगी मागवली, तेव्हा कुठे एप्रिलमध्ये बरेच जण खायला लागले. हे सगळं इतिहासात नोंदलेलं आहे. आत्यानं यातलं काही वाचलेलं असण्याची शक्यता शून्य. पणजोबा वेढ्याच्या आत होते याला माझ्या मते हा कागदाच्या तोडीचा पुरावा आहे.

निघताना उंबऱ्यापाशी आणखी एक: ‘‘आई सांगायची, आजी लई वर्सं कुंकू लावायची. लोक नावं ठेवायचे.’’ याचं काय करायचं माहीत नाही. लिहून ठेवते. तोंडी.

३० जून

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नोंदी राखणाऱ्या संस्थेची यादी. नावानं शोधून काही हाती लागत नाही, कारण कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलंय. उलटं शोधायचं: आधी पलटण, मग देश इराक, मग ‘अधिक माहिती’च्या रकान्यात जिल्हा. त्या रकान्यात बापाचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, असला तर. तालुक्याचं ‘खटाओ’ झालंय आणि गावाचं तर इतकं वाकडं स्पेलिंग की मोठ्यानं वाचून बघितल्यावर आपलं गाव ओळखू आलं.

सापडले. मेडलवरचा नंबर आणि यादीतला नंबर एकच. बापाचं नाव आमच्या खापरपणजोबांचं. मृत्यू: ऑगस्ट १९१६. कागद.

म्हणजे शरणागतीनंतर जवळजवळ चार महिन्यांनी. काकांचा तोफगोळा इथे निकालात निघतो. कैद्यांना आधी शुमरानला नेलं, तिथून बगदाद, मग वाळवंटातून पायपीट. हिंदी शिपायांतल्या पुष्कळांना रास-अल-ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. त्या उन्हाळ्यात, त्या प्रकृतीनं, वाटेत की छावणीत, हे यादीत नाही.

नाव बसरा मेमोरियलवर आहे असं यादी सांगते. त्याचा अर्थ जरा खोलात. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर, ठिकाण माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त माणसांचं ते स्मारक, १९२९ साली उघडलेलं. त्याच्या दगडांवर ब्रिटिशांची नावं आहेत आणि हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांची नाहीत. त्यांच्या पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. पणजोबा त्या दगडावर आहेत ते एका बेरजेत. नावं नोंदवह्यांत राहिली, म्हणून आज संगणकावर मला दिसली. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं ते अख्खं स्मारक बंदरातून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर नेऊन ठेवलं, म्हणजे तो आकडाही आता मूळ जागी नाही.

९ जुलै

जिनिव्हाच्या रेडक्रॉसनं पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं २०१४ पासून खुली केली आहेत. पाहिली. पणजोबांचं नाव नाही. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या मेसोपोटेमियाच्या युद्धरोजनिशा चाळल्या. त्यांत अधिकारी नावानं मरतात, शिपाई संख्येनं. या दिशेला आणखी वेळ घालत नाही.

लष्करी बाजू इथे थांबवून जमिनीकडे. सरकारला शेतकऱ्याकडून दोन गोष्टी हव्या असायच्या, माणूस आणि सारा. माणसाचा हिशेब बसऱ्यात संपला, साऱ्याचा चालूच राहिला असणार.

२३ जुलै

ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर, कारण हे कुणी सांगत नाही.

आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. १९१५ च्या कागदावर सर्व्हे नंबर. मध्ये एकत्रीकरण योजना झाली आणि जुने तुकडे जोडून गट पाडले. हा पूल ओलांडायला ‘नऊ-तीन नऊ-चार’चा उतारा लागतो, तो भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यात जुना सर्व्हे नंबर, हिस्सा आणि नवा गट समोरासमोर. तो हाती आला की सर्व्हे नंबर घेऊन अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज टाकायचा. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. आजच्या फेरफारावरून त्याच्या आधीचा, त्यावरून त्याच्या आधीचा, असं एकेक पायरी खाली उतरत जायचं. मधली एक पायरी फाटकी निघाली तर तिथून खातेदाराच्या नावानं पुन्हा शोध.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे फेरफार साधारण त्यानंतरच. त्याच्या मागे जायचं तर मोजणीच्या वेळची पत्रकं, आणि ती मोडीत.

आपल्याकडे एक बरं झालं. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली आणि वर्षानुवर्षं सुटले नव्हते असे रुमाल, म्हणजे जुन्या दप्तरांची कापडी गाठोडी, गावोगाव सुटले. त्या वादात मला पडायचं नाही. पण धूळ झाडली गेली हे खरं, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला हेही खरं. मला आठवड्याभरानंतरची वेळ मिळाली.

१३ ऑगस्ट

फेरफाराची नक्कल आली. १९१९ ची नोंद.

खातेदार, म्हणजे पणजोबा, पलटणीत असताना मयत. वारस एक मुलगा, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. सबब अ.पा.क. (अज्ञान पालन कर्ता) म्हणून त्याच्या आईचं नाव दाखल. वर्दी पणजीची. चौकशी होऊन नोंद मंजूर, खाली सर्कलची सही.

पुस्तकात असते तशी सनसनाटी काही नाही. तरी मी ही नक्कल पुन्हा पुन्हा वाचत बसले. १९१६ चा ऑगस्ट आणि ही नोंद यांच्यात जवळपास तीन वर्षं. तेवढा काळ जमीन मेलेल्या माणसाच्या नावानं चालली. कुटुंबाला पेन्शन बसली असेल तर तिच्यासाठी मृत्यू मान्य करावाच लागला असेल, पण पेन्शनचा कागद माझ्याकडे नाही. १९१९ ला पणजीनं स्वतः चावडीवर जाऊन नवरा मयत असल्याची वर्दी दिली, इतकंच या घडीला ठाम.

आणि वारसांत मुलगा एकच. आजोबा एकुलते, हे घरात सगळ्यांना माहीतच आहे.

२८ ऑगस्ट

काकांच्या पेटीत स्टॅम्प पेपर निघाला. वर पंचम जॉर्जचा छाप, खाली दाट मोडी. मोडीवाल्या बाईंकडे घेऊन गेले.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं तिला टांगत जातो, शब्द कुठे संपला ते आपण ओळखायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. बाईंचं वाचन फार मजेचं: ओळीवर बोट न ठेवता, कागद हातभर लांब धरून, आधी गाव, मग ‘बिन’, ‘कोम’ असले नात्याचे शब्द, मग रक्कम. नात्यांचा सांगाडा उभा राहिला की बाकीची ओळ आपोआप सुटते म्हणाल्या.

१९२१ चं गहाणखत. एक वावर सावकाराला गहाण, कारण ‘घरखर्चास’. लिहून देणार पणजोबांचा अज्ञान मुलगा, अ.पा.क. आई. सहीच्या जागी कारकुनानं काढलेलं छोटं वर्तुळ आणि शेजारी ‘बांगडीची निशाणी’. सही न येणाऱ्या बाईची निशाणी बांगडी, कुणब्याची नांगर, ही जुनीच रीत. बाई विधवा होती की सवाशीण, हे त्या वर्तुळावरून ठरवू नये, असं मोडीवाल्या बाईंनी न विचारता बजावलं. माझ्या मनात तेच आलं होतं हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

साताऱ्यात साध्या शेतकऱ्याचं गहाणसुद्धा नोंदलेलं सापडतं याला कारण आहे. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यात लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्यानंतर १८७९ चा शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, नगर, सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू झाला आणि शेतकऱ्याचे असले दस्त नोंदवणं भाग पडलं. दंगा केलेल्यांचे उपकार मानायला हवेत.

२ ऑक्टोबर

सर्वपित्री. काकांकडे जेवायला. पान वाढताना काकूंना सहज विचारलं, पणजोबांचं श्राद्ध याच दिवशी कशासाठी? ‘‘तिथी ठाऊक नाही म्हणून. पहिल्यापासून आजच.’’

शस्त्रानं, अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला, घातचतुर्दशीला करतात. तोफेनं गेले असते तर घरानं ती धरली असती. काका घास थांबवून म्हणाले, ‘‘तू आमच्या बापाला खोटं पाडणार का आता?’’ म्हणजे तोफगोळा आजोबांनी सांगितलेला होता तर. हे आज पहिल्यांदा कळलं. मुलगा ‘गोळा लागला’ म्हणत राहिला, आणि त्याच्याच घरात आईनं घालून दिलेली तिथी वेगळं सांगत राहिली. बापानं उपाशी, पाय ओढत मरावं हे कुठल्या मुलाला सांगावंसं वाटेल?

काकांना खीर वाढली. विषय बदलला.

६ ऑक्टोबर

गावात. चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, ऑइलपेंटखाली गेलेली. चुलतभावानं नखानं कडेचा रंग खरवडला. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. नावं इथेही नाहीत. असल्या पाट्या इंग्रजांनी पुष्कळ गावांत बसवल्या. आमच्या पाटीवर आता ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा फलक टांगतात. एरवी मला राग आला असता, पण फलकानं सावली धरल्यामुळेच खालचा दगड फुटला नाही.

तहसीलला जायचं होतं ते राहिलं. निवडणुका तोंडावर, सगळे त्याच गडबडीत.

२१ ऑक्टोबर

नाशिक. रामकुंडावर आमच्याकडच्या लोकांचे तीर्थोपाध्ये कोण हे विचारत विचारत घर गाठलं. पितृपक्ष संपल्यावर मुद्दाम आले, त्या पंधरवड्यात कुणाला मान वर करायला सवड नसते.

गुरुजींनी तीनच गोष्टी विचारल्या: आडनाव, मूळ गाव, तालुका. माझं नाव शेवटपर्यंत विचारलं नाही. आतून यात्रेकरूंच्या नोंदींची, कापडात गुंडाळलेली लांबट वही आणली. आधी वडिलांची १९८१ ची सही निघाली, निळ्या बॉलपेननं, घाईत केलेली. पानं मागे जात राहिली, शाई काळी झाली, बाळबोध जाऊन मोडी आली.

शके १८५०, माघ. गावाचं नाव, आमचं आडनाव. आजोबा, वय सोळा. सोबत आई, सोबत मामा, मामाचं गाव माण तालुक्यातलं. येण्याचं कारण: वडिलांचा पालाशविधी. खाली आजोबांची मोडी सही, प्रत्येक अक्षर सुटं सुटं, शाळेत गिरवल्यासारखं.

देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिला अग्नी देतात, तो हा विधी. शकात ७८ मिळवले की इसवी सन, पण पौष-माघाकडे बहुधा ७९ मिळवावे लागतात. म्हणजे १९२९ ची सुरुवात. गुरुजींना विचारलं, इतक्या उशिरा? ते वही मिटता मिटता म्हणाले, ‘‘बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते.’’

कूट पडलं ते शके १८३८. १८३८ आणि १२, १८५०.

आत्याला तिथूनच फोन लावला. कुंकवाचं सांगितलंस ते कधीपर्यंत? तिला साल कुठलं माहीत असणार. ‘‘तुझा आजा मिसरूड फुटायच्या वयाचा झाला तवर, म्हणायची आई.’’

म्हणजे १९१९ ला चावडीवर पणजी विधवा होती, १९२१ ला सावकारापुढे विधवा होती, आणि १९२९ पर्यंत घरात नव्हती. सरकारनं एक तारीख धरली, तिनं दुसरी. शेत राखायला पहिली लागत होती म्हणून तिनं ती दिली. माझं मत विचाराल तर यात फसवणूक काहीच नाही, गोंधळही नाही. परत आलेल्या त्या गड्यानं ‘तुर्कानं नेलं’ सांगितलं होतं, ‘मेले’ असं सांगितलं नव्हतं. हा सगळा माझा अंदाज, पण कागद आणि तोंडी या दोन्ही बाजू इथे पहिल्यांदा एकमेकींना लागून बसतात.

२ नोव्हेंबर

पाडवा. काकांना वहीचा फोटो दाखवला. सही बघून बराच वेळ गप्प. मग, ‘‘दादांचं अक्षर.’’ तोफगोळ्याबद्दल कुणी बोललं नाही.

१७ डिसेंबर

वडूज, तहसील. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. गावातल्या जन्ममृत्यूची वही. आजोबांचा जन्म मिळाला: १९१२. सोळा वर्षांचं वय वहीशी जुळलं. रांगत होते की शेरडं राखत होते, हा वादही मिटला. पलटण निघाली तेव्हा दोन वर्षांचे, म्हणजे नुकते पळायला लागलेले.

मिळालं तेवढं पुरे होतं, तरी १९१८ चं पान उघडलं, कारण त्या वर्षी काय असणार याचा अंदाज होता. इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ माणसं गेली, आणि मुंबईहून गावी परतणाऱ्या गिरणीवाल्यांबरोबर ती घाटावर चढली. आमच्या गावाची एरवीची महिन्याची नोंद अर्ध्या पानात आटोपते. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पानं उलटत राहावी लागतात. कारणाच्या रकान्यात ‘ताप’. खाली ‘ताप’. मग लिहिणाऱ्यानं शब्द सोडून नुसत्या दोन टिकल्या मारल्यात आणि त्या टिकल्या पानाच्या तळापर्यंत गेल्यात. मध्येच अक्षर बदलतं. आधीचा लिहिणाराही त्यातच गेला का, हे बघायचा मोह टाळला.

त्या टिकल्यांत एका ओळीवर पणजोबांचं नाव. मयत त्यांची मुलगी, वय चार. मुलीच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’.

आजोबांना बहीण होती. आत्याला माहीत नाही, काकांना माहीत नाही, वडील असते तर त्यांनाही माहीत नसतं. १९१९ च्या फेरफारात वारस एकच लागला; तोवर ती गेलीही होती, आणि असती तरी मुलगा असताना मुलीला तेव्हा वारस धरत नसत. वय चार धरलं तर जन्म १९१४ चा, पलटण जहाजावर चढली त्याच वर्षाचा.

नक्कल घेतली. कारकून म्हणाले, ‘‘कुठल्या दाखल्यासाठी पाहिजे?’’ दाखल्यासाठी नको म्हटल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं आणि शिक्का जरा नीट, सरळ मारून दिला.

५ जानेवारी २०२५

वंशावळीचा तक्ता काढायला घेतला. पणजोबांच्या चौकोनात मृत्यूचं साल काय घालायचं यावर काकांशी, आत्याशी फोनाफोनी. काका म्हणतात सरकारी तेच घाल. आत्या म्हणते सरकारला काय माहीत. मी दोन्ही घातली, एकाखाली एक: ऑगस्ट १९१६, यादीप्रमाणे. माघ शके १८५०, नाशिकच्या वहीप्रमाणे. तक्ता छापणारा मुलगा म्हणाला, चौकोनात दोन तारखा बसत नाहीत. चौकोन मोठा कर म्हटलं.

मुलीचा चौकोन जोडला. नावाच्या जागी तिथल्याप्रमाणेच ‘मुलगी’. बारसं आपण करायचं नाही.

कमिशनच्या यादीत गावाचं स्पेलिंग दुरुस्त करायचा अर्ज पाठवला, सोबत मेडलच्या काठाचा फोटो. मेडल परत देव्हाऱ्यात गेलंय. लक्ष्मी म्हणूनच. काकूंनी चिंच बंद केली, ओल्या फडक्यानं पुसतात.

१९ जानेवारी

राहिलेलं काम: पणजीचं माहेर. फेरफारात ती ‘आई’, गहाणखतात ‘कोम’ लावून नवऱ्याची, कोतवाल बुकात कुठेच नाही. माहेरचा एकमेव धागा म्हणजे नाशिकच्या वहीतला तो मामा आणि त्याचं गाव. माण तालुका, म्हणजे दहिवडीला नकलेचा अर्ज. मामाचं नाव साधं, त्या नावाची माणसं गावात डझनभर निघतील, म्हणून आधी सर्व्हे नंबर मिळवायचा की आधी तिथल्या नमुना १४ मध्ये पणजीचा जन्म शोधायचा, हे ठरायचंय. जन्म १८९० च्या आसपासचा, तेव्हाची पानं शिल्लक असतील तर.

दुसरा मार्ग हेळव्यांचा. वंशावळ सांगत फिरणारे हेळवी सुगीनंतर त्या भागात येतात आणि त्यांच्या चोपडीत माहेरवाशिणी कुठे दिल्या तेही असतं, असं चुलतभाऊ म्हणाला. त्यांचा माणूस यंदा आला तर जेवायला घाल, बसवून ठेव आणि मला लगेच फोन कर, दक्षिणा मी देते, असा निरोप त्याच्याकडे ठेवलाय.